पंगत उठल्यावर

रत्नाबाईंची सारी नोकरी बेंगळुरूच्या सिटी बसमध्ये कंडक्टर म्हणून गेली. खच्चून भरलेल्या गाडीत मागच्या दाराला लटकणारा माणूस एका हाकेत आत यावा, असा त्यांचा आवाज. निवृत्त झाल्यावर त्या आवाजाला काही काम उरलं नाही, तेव्हा त्यांनी तो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शाळेच्या भिंतीसाठी वापरायला काढला.

त्या भिंतीशी अर्धं येलहंका उपनगर कचरा टाकून जायचं. ऑफिसला निघालेली माणसं स्कूटर न थांबवताच पिशवी भिरकावायची. कुत्री ती फाडायची आणि शाळेची पोरं नाक दाबून फाटकातून आत पळायची. रत्नाबाई रोज सकाळी तिथे खुर्ची टाकून बसायला लागल्या. कुणाचा पिशवीवाला हात वर झाला रे झाला की त्या कडाडायच्या, “यारप्पा अदु? कोण रे तो? घरापुढं गाडी येते, तिच्यात टाक!” हळूहळू गल्लीतल्या बायकाही पाळीपाळीनं येऊन बसू लागल्या. वर्षभरात भिंत मोकळी झाली. पोरांनी तिच्यावर पोपट, खंड्या, बगळे रंगवले.

एक गोष्ट मात्र काही केल्या थांबेना. लग्नाची तिथी होऊन गेली की दुसऱ्या दिवशी भिंतीशी ढीग पडलेला असायचा. खरकटी केळीची पानं, चेपलेल्या बाटल्या, कागदी कप. आसपास मंगल कार्यालयं बरीच, रात्री ढीग ओतून जाणारा टेम्पो नेमका कुणाचा ते कळायचं नाही. बायका शिव्या देत सगळं पुन्हा उचलायच्या.

अशात रत्नाबाईंच्या धाकट्या भावाच्या, गुंडोच्या मुलीचं लग्न ठरलं. बहिणीच्या पाठोपाठ गुंडोही निपाणीहून इथे आला आणि इथलाच झाला. त्याची निधी सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिथेच तिला नागपूरचा निहार भेटला. शिकलेले, मोठ्या घरचे व्याही; त्यांच्यापुढे काही उणं पडू नये म्हणून गुंडोचा जीव टांगणीला लागला होता. त्यानं पंगतीतल्या पाण्याच्या छोट्या बाटल्यांवरसुद्धा सोनेरी अक्षरांत ‘निधी आणि निहार’ असं छापून घेतलं.

लग्न थाटात लागलं. पानावर ओबट्टू, म्हणजे इथली पुरणपोळीही होती आणि नागपूरकरांसाठी श्रीखंडही. शेवटची पंगत उठली, तेव्हा पातेल्यात उरलेला भात गाईला घालावा म्हणून रत्नाबाई कार्यालयाच्या मागच्या दारानं बाहेर आल्या. तिथे एक टेम्पो उभा होता आणि त्यात काळ्या पिशव्या चढत होत्या.

“अण्णा, हे कुठं नेता?” त्यांनी सहज विचारलं.

“शाळेच्या भिंतीला, अक्का. नेहमीचंच,” ड्रायव्हर तितक्याच सहज म्हणाला.

रत्नाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. हातातलं पातेलं तसंच धरून त्या टेम्पोच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

“गाडी हलणार नाही!”

आवाज थेट मांडवापर्यंत गेला. दारात माणसं गोळा झाली. कार्यालयाचा मॅनेजर शिवाप्पा धावत आला.

“अक्का, हे काय? बाजूला व्हा.”

“म्हणजे इतके दिवस तुम्हीच टाकत होता! शाळेच्या पोरांच्या नाकाशी घाण टाकताना काहीच वाटलं नाही?”

शिवाप्पा आधी चाचरला. मग त्यानं मान वर केली. “खरकटं माझं आहे का, अक्का? जेवली तुमची माणसं. इतकी लग्नं झाली इथं, एकाही पार्टीनं मला विचारलं नाही, आमची पानं पुढं जातात कुठं. तुम्ही तरी आज सकाळी विचारलंत?”

खरंच विचारलं नव्हतं. साऱ्या येलहंक्याला जाब विचारणाऱ्या बाईनं आपल्याच घरच्या कार्यात तोंड उघडलं नव्हतं. हार कुठून आणायचे, आहेर कुणाला काय, सगळ्याची चौकशी केली, पण पंगत उठल्यावरचा विचार डोक्यात आलाच नाही. रत्नाबाईंनी पातेलं कार्यालयाच्या कठड्यावर ठेवलं, नव्या इरकल लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि टेम्पोतली एक पिशवी खाली ओढून तिची गाठ सोडली.

एवढ्यात गुंडो आला. घामानं डबडबलेला, डोक्यावरचा फेटा तिरका झालेला.

“अक्का, हात जोडतो तुला. व्याही बघतायत. आजच्या दिवस स्वल्प दम धर. उद्या काय ते भांड.”

रत्नाबाईंनी पिशवीतली एक बाटली काढून त्याच्यापुढे धरली. सांबाराचे ओघळ आलेल्या कागदावर सोनेरी अक्षरं चमकत होती.

“वाच. आज हे भिंतीशी पडणार. कुत्री ओढणार, आणि उद्या शाळेत जाणारं प्रत्येक पोर तुझ्या लेकीचं नाव तुडवत जाणार. चालेल तुला?”

गुंडोनं बाटलीकडे पाहिलं. मग मागे वळून दारातल्या पाहुण्यांकडे पाहिलं. क्षणभर रत्नाबाईंना वाटलं, आता हा माझ्यावर ओरडणार. पण त्यानं खांद्यावरचं जरीचं उपरणं काढून कमरेला करकचून बांधलं.

“सरी, बरं अक्का. सांग, कुठं काय टाकू?”

रत्नाबाई लगेच कडाडल्या, “पानं इकडं! बाटल्या तिकडं! कप वेगळे! मागचे पुढं सरका, जागा करा!” बसमधली सारी हुकमत परत आली. निधीच्या मैत्रिणी पुढे झाल्या. निहारनं बाह्या दुमडल्या. स्वतः निधी, हिरवा चुडा कोपरापर्यंत सारून, फतकल मारून बसली आणि बाटल्या वेचू लागली. शिवाप्पानंही आत जाऊन स्वयंपाकघरातली रिकामी पिंपं गडगडत आणली.

तेवढ्यात निहारची आई, महानंदाबाई, दारात आल्या. गुंडोचा चेहरा पडला.

“काय करून राहिले तुम्ही सारे इथं?”

निधीनं घाबरत घाबरत सगळं सांगितलं. महानंदाबाईंनी पैठणीच्या निऱ्या वर धरल्या, पायऱ्या उतरल्या आणि म्हणाल्या, “मग मला एकटीला कशाला बसवून ठेवलं, बाप्पा, आत? सरक जरा.”

मोठ्ठा हशा पिकला. त्यात गुंडोचं हसणं सगळ्यांत मोठं होतं.

पानं जवळच्या गोठ्यावर गेली, बाटल्या आणि कप सुक्या कचऱ्याच्या केंद्रावर. रत्नाबाई टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून दोन्ही ठिकाणी जातीनं गेल्या. भर बाजारातून जाताना ओळखीची माणसं टकामका बघत होती आणि त्या पुढच्या काचेतून, वरातीत बसल्यासारख्या, ताठ बघत होत्या. पाठवणीला मात्र वेळेवर परतल्या. पाया पडून उठताना निधीनं त्यांचे हात धरले.

“आत्या, तुझ्या हातांना सांबाराचा वास येतोय.”

“तुझ्या काय अत्तराचा येतोय?” रत्नाबाई म्हणाल्या, आणि दोघी हसता हसता रडल्या.

पुढची तिथी आली. दुसऱ्या दिवशी उजाडताच गल्लीतल्या बायका झाडू घेऊन भिंतीपाशी जमल्या. तिथे उचलण्यासारखं काही नव्हतं. शिवाप्पानं आता स्वयंपाकघरामागे कायमची पिंपं मांडली होती. हॉल ठरवायला येणाऱ्यांना तो आपणहून सांगायचा, की आमच्याकडे पानं गोठ्यावर जातात, तुमच्या वाढप्यांना तसं बजावून ठेवा. ही कल्पना आपलीच, असंही तो सांगायचा. रत्नाबाईंच्या कानावर ते आलं, पण त्यांनी त्याला कधी टोकलं नाही.

मग नागपूरला स्वागत समारंभ झाला. रत्नाबाईंची तब्येत बिघडल्यानं त्यांना आणि गुंडोलाही जाता आलं नाही. आठवडाभरानं महानंदाबाईंचा फोन आला.

“विहीणबाई, इथला मॅनेजर आधी ऐकूनच नाही राहिला. मी म्हटलं, आमच्या बेंगळुरूच्या विहीणबाई टेम्पोसमोर उभ्या राहतात, मी निदान दारात उभी राहीन. राहिले मग! पानं वेगळी केल्याशिवाय एक पिशवी बाहेर नाही जाऊ दिली.”

“थांबा, थांबा,” रत्नाबाई म्हणाल्या. “हे सगळं पहिल्यापासून परत सांगा.”

आणि त्यांनी फोन शेजारी बसलेल्या गुंडोच्या कानाला लावला.