तिसऱ्या मजल्यावरचा गॅस

त्या इमारतीचे जिने मीटरताईला पाठ होते. अठरा वर्षं दर दोन महिन्यांनी ती तिथे गॅसचे मीटर बघायला जायची. गिरणी चालू होती तेव्हा बारा घरांचे आकडे लिहिण्यात तिचा अर्धा तास मोडायचा. गिरणी बंद पडली, माणसं पोटामागे पांगली, मागोमाग बसही बंद झाली. आता दोनच घरं उरली होती. तळमजल्यावर नर्सबाई आणि तिसऱ्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळकाका.

या हिवाळ्यात काकांचा आकडा पाहिला आणि तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एकटा जीव, आणि गॅस पाच माणसांच्या घराइतका! कोणतं घर हवेत किती कार्बन सोडतं याची पाहणी ऑफिसने नुकतीच काढली होती. साहेब आकडा बघून म्हणाले, "कुठेतरी पाणी मुरतंय. चोरून भाडेकरू ठेवलाय, नाहीतर घरात कसला तरी धंदा चालतोय. आत जाऊन बघा."

काकांनी दार वीतभरच उघडलं. "मीटर बाहेर आहे. आत कशाला?"

"पाहणी आहे काका. पाच मिनिटं."

घरात गॅसचा हीटर रोंरावत होता, तरी काका कोट, मफलर, कानटोपी घालून होते. टेबलावर एक उघडं घड्याळ, चिमटा, भिंग. भाडेकरूची चप्पलसुद्धा नाही. पण मागच्या खोलीला हे एवढं कुलूप!

"आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग कुलूप कशाला?"

"माझं घर, माझं कुलूप."

"काका, घर दाखवलं नाही असं लिहिलं तर साहेब स्वतः येतील."

काकांनी खिशातून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

आत माणूस नव्हता. चारी भिंतींवर खालपासून वरपर्यंत गाद्या ठोकलेल्या होत्या. काही फाटक्या, काही लहान मुलांच्या.

"म्हणा आता चोर," काका खाली बघत म्हणाले. "शेजारी टाकून गेले, मी उचलून आणल्या. पूर्वी खालच्यांचा स्वैपाक सुरू झाला की माझी फरशी कोमट व्हायची. पलीकडे सात माणसं, त्यांच्या उबेने भिंत तापायची. आता वर, खाली, दोन्ही बाजूंना कोणी नाही. अख्खी इमारत मी एकटा तापवतोय, ताई."

तिने बाहेरच्या खोलीतल्या भिंतीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. बर्फच.

"नर्सबाईंच्या शेजारची जागा रिकामी आहे. तिथे या की."

काकांचे डोळे बारीक झाले. "आज खाली चला, उद्या गावात चला, परवा इमारत पाडा. कळतात मला तुमच्या खेळ्या."

"काहीतरीच काय, काका!" असं म्हणून ती उतरली खरी, पण जिन्यात थांबून तिने पाहणीचा कागद शेवटपर्यंत वाचला. तळाशी बारीक अक्षरांत प्रश्न होता: 'घर रिकामं करून घेता येईल का?' असे चाळीस कागद तिने न वाचता भरून दिले होते.

"साहेब, ही पाहणी हवेची आहे की घरांची?" दुसऱ्या दिवशी तिने विचारलं.

"तुम्ही आकडे भरा," साहेब मान वर न करता म्हणाले.

तिने भरले. तळाच्या प्रश्नापुढे ठळक 'नाही' लिहिलं, आणि खाली जोडलं: 'शेजार नसल्याने गॅस जास्त लागतो. तळमजल्यावर जागा द्यावी.' मग घरमालकाकडे आठ खेपा घातल्या. काकांनी नव्या जागेच्या कागदावर सही करण्याआधी तो भिंगातून तीनदा वाचला.

पुढच्या हिवाळ्यात काकांचा आकडा निम्म्याच्याही खाली आला. नर्सबाईंचाही थोडा उतरला. मीटरताई वही मिटत होती, तेवढ्यात काकांनी तिला दारात गाठलं आणि आवाज खाली आणला.

"नर्सबाई गॅस जरा जास्तच जाळतात, बरं का. भिंत कशी छान गरम असते." त्यांनी मागे वळून बघितलं. "पण तुम्ही त्यांना काही बोलू नका हं."