सायीच्या रंगाचा गुलाब

“जाड आहे का पातळ?” फोरमननी विचारलं.

थोरली पाकीट हातात धरून दारातच उभी होती. पाकीट पातळ होतं. इतकं की उजेडाकडे धरलं असतं तर आतली सही बाहेरूनच वाचता आली असती. तिनं आईकडे पाहिलं. आईनं शेंगा सोलता सोलता मान आणखीनच खाली घातली.

“पातळ,” थोरली म्हणाली.

“हं,” म्हणून फोरमन खुर्चीत मागे रेलले. सकाळीच त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्या डोळ्यावर पट्टी होती आणि डाव्या डोळ्याला अक्षर लागत नव्हतं. त्याचंही ऑपरेशन पुढच्या महिन्यात व्हायचं होतं.

नव्या गुलाबांची नोंद करणाऱ्या मंडळाकडून जाड पाकीट आलं, तर रोप पसंत पडलं असं समजायचं, कारण मग आत फुलाला नाव देण्याचे कागद असतात. पातळ आलं की नाही म्हणालेत. फोरमनच्या घरी जाड पाकीट आजवर आलं नव्हतं.

फोरमन म्हणजे थोरलीचे वडील. सगळं आयुष्य बस डेपोत इंजिनं उघडण्यात गेलं. निवृत्त होऊन जमाना झाला, डेपो सुटला, पण नाव काही सुटलं नाही. आई त्यांच्या पाठीमागे त्यांना फोरमनच म्हणायची आणि रागावली की तोंडावरही. ग्रीसनं काळ्या पडलेल्या त्या जाडजूड बोटांत एक दिवस बारीक कुंचला आला. एका गुलाबाचे पराग दुसऱ्याला लावायचे, वर कागदी पिशवी बांधायची, फळ पिकलं की आतल्या बिया ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायच्या. “लोण्याच्या शेजारी आमची नातवंडं झोपतात,” आई पाहुण्यांना सांगायची. मग शेकडो रोपांतून एक निवडायचं, ते वाढवायचं, त्याचं कलम मंडळाच्या बागेत पाठवायचं. तिथे ते दोन वर्षं परक्या रोपांमध्ये राहणार, जाणकार येऊन बघून जाणार आणि मग पाकीट येणार. एका गुलाबामागे सात-आठ वर्षं सहज जातात. फोरमनची सत्तरी केव्हाच उलटली होती.

नकार आला की ते आधी कारण विचारायचे. एका रोपाची फुलं मान टाकतात असं मंडळानं कळवलं, तेव्हापासून ते रोप घरात ‘मानमोडी’ झालं. एकाला वास नव्हता, ती ‘मुकी’. एकीच्या पाकळ्या दुसऱ्याच दिवशी गळायच्या, ती ‘घायकुती’. दुसरा कुणी असता तर त्यानं ही रोपं उपटून फेकली असती. फोरमननी त्यांना गच्चीवर उन्हाची जागा दिली आणि त्यांच्यावरच पुढचं काम केलं. मानमोडीची मान ताठ करायला मजबूत देठाचा गुलाब आणला, मुकीला वास यावा म्हणून आणखी एक. नाकारलेलं प्रत्येक रोप पुढच्या रोपाची आई होती. आणि नकाराच्या दिवशी चहा फोरमन स्वतः करायचे, त्यात साखर इतकी की चमचा उभा राहावा.

थोरलीला हे कळायचं नाही. ती एका इस्पितळाच्या टेलिफोन कक्षात कामाला होती. तिनं कधीकाळी तिथल्या वरच्या जागेसाठी अर्ज केला होता आणि तिला दोन ओळींचा नकार आला होता. तो तिनं बाथरूममध्ये जाऊन बारीक बारीक फाडला. त्यानंतर ती जागा दोनदा निघाली, मैत्रिणींनी हजारदा सांगितलं, पण ही बाई ढिम्म. अर्जच केला नाही तर नकार येणार कुठून, असा सोपा बंदोबस्त तिनं करून ठेवला होता.

“वाच ग,” फोरमन म्हणाले.

तिनं वाचायला सुरुवात केली. “महोदय, आपण पाठवलेल्या गुलाबाच्या रोपाचं दोन्ही हंगामांत निरीक्षण करण्यात आलं. झाड निरोगी असून देठ मजबूत आहे. सुगंध उत्तम आहे…”

“उत्तम!” फोरमननी खुर्चीच्या हातावर थाप मारली. “ऐकलंस का? मुकीची नात आहे ती!”

थोरलीची नजर तोवर पुढच्या ओळीवर गेली होती.

“पुढे?”

“पुढे… रोपाची नोंद करता येत नाही, याबद्दल दिलगीर आहोत. आपल्या पुढील कामास शुभेच्छा.”

“आणि कारण?”

“कारण नाही दिलेलं, बाबा.”

“नाही कसं? नकारात तेवढीच तर एक ओळ कामाची असते. नीट बघ.”

“नाहीये.”

 फोरमन हळू म्हणाले, “म्हणजे बघितलंच नाही त्यांनी नीट. एवढा रंग, आणि बघितलाच नाही.”

त्या दुपारी चहा झाला नाही. फोरमन तसेच खुर्चीत बसून राहिले, हात मांडीवर ठेवून. आजवरचे सगळे नकार पचवलेला माणूस या एका नकारानं खचला.  असं बसणं थोरलीच्या ओळखीचं होतं.

स्वयंपाकघरात आईनं दार लोटून घेतलं. “काय लिहिलंय? खरं सांग.”

थोरलीनं कागद काढून ती ओळ वाचली. “अर्जात फुलाचा रंग ‘साय’ असा नोंदवला आहे. प्रत्यक्षात फूल शुभ्र पांढरं आहे आणि अशा पांढऱ्या जातींची नोंद पूर्वीच झालेली असल्यानं त्यात वेगळेपण आढळत नाही.”

आईनं डोळ्यांना पदर लावला. “पांढरंच आहे ते. मी पहिल्या फुलापासून बघतेय.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, लाडानं म्हणतात. तू झालीस तेव्हा नाक म्हणून नव्हतंच तुला, तरी हे सगळ्या डेपोत सांगत फिरले, पोरीचं नाक चाफेकळीसारखं. तेव्हा मी बोलले का काही? आणि तू ग? अर्ज तर तूच भरलास.”

हे खरं होतं. फोरमन सांगत होते आणि थोरली लिहीत होती. रंग? साय. तिनं मुकाट्यानं लिहिलं, कारण गुलाबवाल्यांच्या भाषेत असल्या पांढऱ्याला साय म्हणत असतील असं तिला वाटलं. फिकट पिवळ्या आणि पांढऱ्या गुलाबांतून सायीचा रंग काढायचा, हे फोरमनचं जुनं स्वप्न होतं आणि त्याच वर्षांत त्यांच्या डोळ्यांवर हळूहळू पिवळट पडदा चढत होता. दूध, भिंती, चादरी सगळंच सायीचं झालं होतं, पण दुधाकडे किंवा चादरीकडे एवढं निरखून कोण बघतं? ते निरखून बघत होते फक्त गुलाबाकडे.

“उद्या पट्टी निघेल,” थोरली म्हणाली. “वर चार फुलं उमललीत. आई, काढून टाकूया का?”

“आणि पुढच्या बहराला काय करशील? परत कापशील?” आई म्हणाली. “ते काही नाही. तुझ्या तोंडून कळलं तर बरं, नाहीतर फुलाच्या तोंडून कळेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात नर्सनं पट्टी काढली. फोरमननी डोळा किलकिला केला, मग पुरता उघडला आणि नर्सच्या कपड्यांकडे बघतच राहिले.

“एवढं पांढरं असतं होय?”

नर्स हसली. “पहिल्यांदा सगळे हेच विचारतात, आजोबा.”

बसमधून येताना त्यांचं तोंड क्षणभर बंद नव्हतं. आकाश किती निळं, दांडीला रंग कुणी दिला, ड्रायव्हर गिअर किती वाईट टाकतोय. मध्येच थोरलीकडे वळून म्हणाले, “अग, तुझे केस पिकले की!”

“कधीचेच, बाबा.”

“मला कुणी सांगितलं नाही,” फोरमन म्हणाले. थोरलीनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

सांगायचं ते बसमध्येच सांगायचं तिनं ठरवलं होतं, मग जिन्यात सांगायचं ठरवलं. फोरमन मात्र चपला काढल्या न काढल्या तोच गच्चीच्या पायऱ्या चढायला लागले. ती मागून धावली. आईही हात पुसत आली. फोरमन कुंडीसमोर उभे होते. चारही फुलं उन्हात उघडी होती, पांढरीशुभ्र.

 थोरलीला वाटलं, आता हा माणूस खाली बसेल आणि परत उठणार नाही.

“बाबा, काल मी खोटं बोलले. कारण दिलंय त्यांनी.” तिनं पर्समधून कागद काढला. वाचायला लागली, तोच फोरमननी हात पुढे केला.

“दे इकडे. मी वाचतो.”

कागद हातभर लांब धरून, एकेका शब्दावर थांबत त्यांनी सगळं वाचून काढलं. कित्येक वर्षांत स्वतःचा नकार त्यांनी स्वतः वाचला नव्हता.

“काल का नाही वाचलंस?”

“धीर नाही झाला.”

“वेडी का काय तू?” फोरमन एकदम तडकले. “ज्या माणसांनी इतकं नीट बघितलं, त्यांना मी कालपासून मनातल्या मनात शिव्या घालतोय! बरोबर आहे त्यांचं. पांढरं आहे हे. आंधळ्यालाही दिसेल.” आणि स्वतःच्याच बोलण्यावर ते खो खो हसले. आई आणि थोरली एकमेकींकडे बघत राहिल्या. हसावं की रडावं तेच कळेना.

मग फोरमननी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि फुलाकडे पाहिलं. हात काढून उजव्यावर ठेवला. परत डाव्यावर. असं चार-पाच वेळा केलं. त्यांचं हसणं कुठच्या कुठे गेलं, आणि चेहऱ्यावर असं काही आलं की थोरलीला तिथे उभं राहायचाही संकोच वाटला.

“अग, इकडे ये,” ते हळूच म्हणाले. “नव्या डोळ्यानं बघितलं की पांढरं. जुन्या डोळ्यानं बघितलं की… अजून आहे. तो रंग अजून आहे इथे. फुलात नव्हताच कधी. ह्या डोळ्यात होता.”

“असू दे, बाबा.”

“असू दे काय? पुढच्या महिन्यात हाही डोळा साफ करणार ते. मग तो रंग कसा होता, असं कुणी विचारलं तर काय दाखवू?” ते आईकडे वळले. “अग, तुझा शिवणाचा डबा आण. दोऱ्यांचा. पिवळट, पांढरट, जेवढे असतील तेवढे सगळे.”

आईला काही उमजलं नाही, पण ती गेली. डबा आला. फोरमन कुंडीसमोर स्टुलावर बसले. डोळ्यांना ताण द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्याची थोरलीनं आठवण करून दिली. तिकडे त्यांनी चक्क कानाडोळा केला. उजवा डोळा झाकून डाव्यानं फूल बघायचं, मग डावा झाकून उजव्यानं दोऱ्याचं रीळ बघायचं. हे नाही, फार पिवळं. हे तर हळद झालं. हे मळकट. आई रिळं पुढे करत होती, ते परत देत होते. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड शोधावा, त्याच सावधपणे एक म्हातारा माणूस स्वतःच्या खराब डोळ्यातून एक रंग बाहेर काढत होता. थोरलीचे हात आपोआप जोडले गेले होते. तिला ते कळलंही नाही.

ऊन चढलं. डब्याच्या तळातून आईनं एक जुनं रीळ काढलं, कसलं ते तिलाही आठवत नव्हतं. फोरमननी फूल बघितलं, रीळ बघितलं. परत फूल, परत रीळ. मग रीळ ओठांशी नेऊन नुसतेच बसले.

“हा,” ते म्हणाले.

थोरली वाकली. तो पांढरा नव्हता, पिवळाही नव्हता. तापवलेल्या दुधावर पहिली सुरकुती धरते ना, तसा काहीतरी, उबदार. इतकी वर्षं रोज सकाळी बाबा गच्चीवर येऊन काय बघत होते, ते तिला आज पहिल्यांदा दिसलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या फाडलेल्या कागदाची तिला फार लाज वाटली.

“आता एवढाच रंग आणायचा,” फोरमन म्हणाले. “वास आहे, देठ आहे, मान ताठ आहे. हे पांढरं फूल आई आणि तो कोपऱ्यातला फिका पिवळा बाप. कुंचला कुठाय माझा?”

“अहो, सात-आठ वर्षं लागतील,” आई म्हणाली. 

“लागू देत की. मला वाटत होतं, रंग झालाय. तो तर अजून व्हायचाय!” सत्तरी उलटलेला तो माणूस वाढदिवसाच्या मुलासारखा खूश दिसत होता. “मी असेन, नसेन. मी नसलो तरी बघणारं कुणी लागेल. नुसतं ‘साय, साय’ सांगून कुणाला कळणार? तुम्हाला तरी कळलं होतं का?”

त्यांनी रिळाचा वीतभर दोरा दातानं तोडला, थोरलीचा हात ओढून घेतला आणि तिच्या बोटाला तो नीट गुंडाळला.

“उन्हात ठेवू नकोस,” फोरमन म्हणाले, “रंग उडतो.” आणि कुंचला घेऊन ते फुलाकडे वळले.