तयार खेळाडू

योगेंद्र सर बास्केटबॉल धरायचे तो बाजारात कलिंगड निवडताना धरतात तसा. दोन्ही हातांनी जरा दाबायचे, एक टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "हवा बरोबर आहे." त्यापलीकडे चेंडूशी काही करताना त्यांना धुळ्यातल्या देवपूरच्या त्या कॉलेजात कोणी पाहिलं नव्हतं. ते तिथले क्रीडा संचालक होते. ग्रामीण खेळाडूंच्या जडणघडणीवर त्यांनी पीएच.डी. केली होती आणि केबिनच्या दारावरची 'डॉ.' ही अक्षरं त्यांच्या नावापेक्षा मोठी होती.

मृणाली या कॉलेजात आली ती याच माणसाच्या शब्दावर. शाळेत असताना ती राज्य स्पर्धेत खेळली होती. जळगावच्या एका मोठ्या कॉलेजनं तिला हॉस्टेलसकट बोलावलं होतं. पण सर स्वतः धुळ्यातल्या तिच्या घरी आले. तिचे वडील राजदीपभाऊ एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांच्यासमोर बसून सरांनी दोन बशा पोहे खाल्ले आणि सांगितलं, "भाऊ, जळगावला ती बाकावर बसून राहील. इथं मी तिच्याभोवती संघ उभा करतो."

इतका शिकलेला माणूस घरी येऊन सांगतोय म्हणजे खरंच असणार, असं राजदीपभाऊंना वाटलं. मृणालीलाही वाटलं.

पहिल्या दिवशी ती बूट घालून कोर्टवर गेली तेव्हा तिथं प्राध्यापकांच्या स्कूटर लावलेल्या होत्या. एका रिंगला जाळी नव्हती, दुसरी रिंग पुढे वाकलेली होती. संघ म्हणून ज्या मुली आल्या त्यातल्या निम्म्या ट्रॅकसूटसाठी आल्या होत्या, उरलेल्या परीक्षेत मिळणाऱ्या क्रीडागुणांसाठी. त्यांना चेंडू लागायची भीती वाटे. चेंडू आला की त्या तोंड फिरवायच्या. सर आठवड्यातून एकदा गाडीतून उतरत, फोटो काढत आणि म्हणत, "चालू द्या, चालू द्या."

मृणालीला या सगळ्यांचा मनापासून तिटकारा आला. ती तो लपवतही नसे. ट्रॅकसूटवाल्या मुलींना तिनं पहिल्याच महिन्यात सांगितलं, "कपडे मिळाले ना? आता घरी जा, सावलीत बसा." त्या गेल्या. ज्या राहिल्या त्या तिच्या तोंडाला कंटाळून गेल्या नाहीत एवढाच त्यांचा गुण. त्यांना घेऊन ती रोज सकाळी, स्कूटर यायच्या आधी, धावायची.

त्यांच्यातच पुढच्या वर्षी सपना आली. सोनगीरची मुलगी, गोळाफेकीच्या चाचणीला आलेली. वर्गात दारातून आत येताना वाकायची, आणि वाकायची गरज नव्हती तिथंही वाकूनच चालायची. गोळा काही तिला फेकता आला नाही. सरांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "उंच आहे. बास्केटबॉलमध्ये उभी करा कुठंतरी."

सपनाला खेळाचं काहीच येत नव्हतं. चेंडू हातात आला की तिचे दोन्ही पाय नाचायला लागत. चेंडू हातात धरल्यावर एक पाय जमिनीला खिळल्यासारखा ठेवायचा आणि दुसऱ्यावर फिरायचं, एवढं शिकायला तिला पावसाळा गेला.

"पाय उचलला. परत."

"ताई, उचलला नव्हता."

"मग काय जमीन खाली गेली? परत."

सपना रडायची. मृणाली तिला रडू द्यायची आणि रडून झालं की चेंडू तिच्या पोटात फेकायची. "तू वाकतेस कशाला? देवानं उंची दिली ती जमिनीतली नाणी शोधायला दिली का?" हे बोलणं कठोर होतं, पण सपनाकडे बघून तिच्याशी बोलणारं कॉलेजात दुसरं कोणी नव्हतं. दिवाळीनंतर सपना रिंगखाली उभी राहिली की तिला कोणी हलवू शकत नसे. दुसरीला पाठीवर घेऊन, तिला चेंडूपासून दूर ठेवायचं आणि मग वर उडी घ्यायची, हे तिच्या अंगात भिनलं.

मग एके दिवशी ती यायची थांबली. मृणाली वडिलांना घेऊन सोनगीरला गेली. सपनाची आई, रुक्माबाई, शेतातून नुकती आली होती. राजदीपभाऊंनी जयभीम केला. रुक्माबाईंनी जयभीम घातला, पाणी दिलं आणि मग मृणालीवरच तोफ डागली.

"आधीच ताडना झाड शे ती. आजून कितली उंच करशी तिले? हिले नवरा कोठे भेटी? उड्या मारीसन पोट भरस का?"

"मावशी," मृणाली म्हणाली, "ती घरी बसली तर बुटकी होणार आहे का?"

रुक्माबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "तोंडनी भलती तिखट शे हाई पोर," त्या राजदीपभाऊंना म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सपना सकाळच्या पहिल्या गाडीनं देवपूरला आली.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आली तसे सर अचानक उत्साही झाले. कॉलेजच्या तपासणीसाठी बाहेरून समिती यायची होती आणि मुख्य म्हणजे तिला दाखवायला एखादा चषक हवा होता. विभागीय सामन्यांच्या आदल्या दिवशी त्यांनी मृणालीला केबिनमध्ये बोलावलं. तिथं तीन अनोळखी मुली खुर्च्यांवर बसून चहा पीत होत्या.

"या आपल्याच मुली," सर म्हणाले. "जुलैतच ॲडमिशन झालंय. जळगाववरून आल्यात. तयार खेळाडू आहेत. तू कॅप्टन. सपना आणि तुझ्या त्या बाकीच्या बाकावर बसतील, टाळ्या वाजवतील."

"सर, दोन वर्षं मी त्यांना शिकवलंय."

"हो ना, छान. पण शिकवण्यात वेळ जातो, मृणाली. समिती काय आपल्यासाठी थांबणार आहे?"

"तुमच्या पीएच.डी.त हेच लिहिलंय का?"

सरांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. ते त्यांना फार चांगलं जमायचं.

मृणालीनं खेळणं सोडायचं ठरवलं होतं. पण संध्याकाळी सपनाच म्हणाली, "ताई, तू नाही खेळलीस तर आम्ही बाकावर बसून कोणाला बघू?" म्हणून ती खेळली.

विभागीय सामने त्यांनी सहज मारले. नव्या मुली खरोखर तयार होत्या. त्यातली दिपमाला एरंडोलकडच्या शेतकरी घरातली. अंगानं सडपातळ, हात विलक्षण मऊ; चेंडू तिच्या बोटांतून सुटला की जाळीपाशी जाऊनच दम घ्यायचा. मृणाली तिच्याशी कामापुरतं बोलायची आणि तेही नाक मुरडून. जळगावच्या अंतिम सामन्याला निघालेल्या गाडीत दिपमाला शेजारी येऊन बसली, तेव्हा मृणालीनं सरळ विचारलं, "दरवर्षी कॉलेज बदलताना लाज नाही वाटत? भाड्यानं फिरतेस नुसती."

दिपमाला चिडली नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "वाटते. पण तुला माहिताय, शाळा सोडल्यापासून मला कोणी एक नवी गोष्ट शिकवलेली नाही. जो नेतो तो म्हणतो, तयार आहे. आहे तेवढं वापरतो आणि पुढच्या वर्षी दुसरी आणतो. डाव्या हातानं मला अजून नीट टाकता येत नाही. कोणाला ते बघायला वेळच नाही." मग हळूच म्हणाली, "तू त्या उंच मुलीवर ओरडत होतीस ना सकाळी, पाय पाय म्हणून. मला तिचा हेवा वाटला."

  पारोळा मागे पडल्यावर मृणालीनं विचारलं, "डावा हात कुठं अडतो? खांदा उघडा पडतो का?" आणि पुढचा रस्ता त्या दोघी हवेत हात हलवत बोलत राहिल्या. पुढच्या सीटवर सर घोरत होते.

अंतिम सामना जळगावच्या त्याच मोठ्या कॉलेजशी होता. दिपमाला गेल्या वर्षी त्यांच्याकडूनच खेळली होती, त्यामुळे तिला कसं अडवायचं ते त्यांना ठाऊक होतं. तरी देवपूरचा संघ थोडासा पुढेच होता. शेवटच्या सत्रात दिपमाला उडी मारून खाली आली ती वाकड्या पायावर. गुडघा धरून ती कोर्टवरच बसली. पंचांनी खेळ थांबवला. सर धावत आले. खरं तर धावत आला तो त्यांच्या हातातला स्प्रे, सर त्याच्यामागून आले.

"काही नाही, काही नाही. स्प्रे मार. उभी राहा."

"सर, आतून काहीतरी फिरलंय."

"थोडाच वेळ राहिलाय. चषक घेऊ, मग बघू तुझं."

दिपमाला खरोखर उभी राहिली. इतकी वर्षं सगळ्यांनी तिला उभीच केलेली होती, तिला दुसरं काही माहीत नव्हतं. ओठ पांढरे पडले होते. मृणालीनं सरांकडे पाहिलं. त्यांची नजर गुणफलकावर होती.

बास्केटबॉलमध्ये बदली खेळाडूला आत यायचं असेल तर तिनं स्वतः गुणलेखकाच्या टेबलाकडे जाऊन सांगायचं असतं. त्यासाठी प्रशिक्षकानं उठावं लागत नाही. सर खेळातले डॉक्टर असूनही हा नियम त्यांच्या ध्यानात नव्हता. मृणालीच्या होता.

"सपना!" ती कोर्टवरून ओरडली. "टेबलाकडे जा!"

सपना उठली.

"बस खाली!" सर ओरडले. "कोणी सांगितलं तुला? खाली बस!"

सपना तशीच अर्धवट उभी राहिली, नेहमीसारखी वाकलेली. एक क्षण वाटलं, बसेल. मग तिनं जॅकेट काढून बाकावर टाकलं, पाठ ताठ केली आणि टेबलाकडे चालत गेली. गुणलेखकानं तिचा नंबर विचारला, पंचांनी हात केला आणि ती आत आली. सरांनी पंचांकडे काहीतरी हातवारे केले. पंच म्हणाले, "सर, बाकावर बसा, नाहीतर तांत्रिक फाउल देईन." सर बसले.

मृणाली आणि दुसऱ्या एकीनं दिपमालाला उचलून बाहेर नेलं. मग खेळ सुरू झाला.

सपना पहिल्याच चेंडूला गोंधळली आणि तिचे पाय नाचले. प्रेक्षक हसले. मृणाली जवळून जाताना म्हणाली, "पाय राहू दे. जागा धर." त्यानंतर सपनानं जागा धरली. जळगावच्या उंच मुलीला तिनं पाठीवर घेतलं आणि रिंगखालून हलू दिलं नाही. रिंगवरून परत येणारा चेंडू एकामागून एक तिच्या हातात पडू लागला. टाकायला तिला अजून नीट येत नव्हतं. ती फक्त चेंडू मिळवायची आणि मृणालीकडे द्यायची. मृणालीला त्या दिवशी कोणी अडवू शकलं नाही. पण जळगावच्या बाकावर ताज्या दमाच्या मुली होत्या आणि इकडे सगळ्यांचे पाय जड झालेले. शेवटी देवपूरचा संघ एका बास्केटनं हरला.

सर कोणाशी बोलले नाहीत. स्थानिक बातमीदाराशी मात्र बोलले: "एका अननुभवी खेळाडूच्या बेशिस्तीमुळे निर्णायक क्षणी लय बिघडली." दिपमाला बाकावर पाय लांब करून बसली होती, गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला. परतीच्या गाडीत जागा नाही, असं सरांनी तिला सांगितलं. तिचं गाव वाटेवर होतं तरी. मृणालीनं वडिलांना फोन लावला. राजदीपभाऊ आले, त्यांनी दिपमालाला दवाखान्यात नेलं, गुडघ्याला पट्टा घालून घेतला आणि एरंडोलला घरापर्यंत सोडलं. पोहे खाऊन गेलेल्या त्या माणसाबद्दल ते वाटेत मृणालीला एवढंच म्हणाले, "मी ओळखायला पाहिजे होतं. तो खाताना एकदाही तुझ्याकडे बघत नव्हता."

आठवड्याभरानं विद्यापीठाच्या संघाची निवड जाहीर झाली. मृणाली होतीच. शिबिरासाठी सपनालाही बोलावणं होतं. निवड समितीनं जळगावचा तो सामना पाहिला होता आणि रिंगखाली खांबासारखी उभी राहणारी मुलगी त्यांना हवी होती.

सरांची लय लगेच सुधारली. प्रवेशद्वारावर मोठा फलक लागला: सपनाचा फोटो, त्याच्या दुप्पट सरांचा फोटो आणि खाली 'ग्रामीण प्रतिभेचे शिल्पकार'. तपासणी समिती आली त्या दिवशी सभागृहात सत्कार ठेवला. रुक्माबाई सोनगीरहून नवं लुगडं नेसून आल्या होत्या. सरांनी शिस्त, साधना आणि समर्पण या विषयावर भाषण केलं. ते इतकं लांबलं की समितीतल्या एका बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग सरांनी सपनाच्या खांद्यावर हात ठेवला. त्यासाठी त्यांना टाचा उचलाव्या लागल्या. म्हणाले, "बोल, तुझ्या यशाचं श्रेय तू कोणाला देतेस?"

सपनाला माइकसमोर प्रमाण मराठी आठवेना. ती आपल्या अहिराणीत बोलली.

"माले बठ्ठं मृणालीताईनी शिकाडं. सरसनी एकच गोट सांगी, खाले बैठ. ती मी ऐकी नही."

सभागृह हसून कोसळलं. पोरांनी बाक वाजवले. प्राचार्यांनी मान खाली घातली. सर सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि टाळ्याही वाजवल्या. पोरगी गमतीशीर आहे असं समितीला सांगितलं. मागच्या रांगेतून मृणाली त्यांच्याकडे बघत होती. या माणसावर चिडण्यात आपण इतकी ताकद घालवली, याचंच तिला वाईट वाटलं. राग यायलासुद्धा समोर काहीतरी असावं लागतं.

शिबिराला निघायच्या आधीच्या सोमवारी सकाळी एक रिक्षा कोर्टपाशी थांबली. दिपमाला पट्टा बांधलेल्या पायानं उतरली. तिला पुढचे काही महिने खेळता येणार नव्हतं. तिनं कोर्टच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि बसली.

"हिला टाकायला शिकवते," ती सपनाकडे बोट दाखवून म्हणाली. "आणि तू मला डावा हात दाखव. बसल्या बसल्या जमेल."

"बसल्या बसल्या काही जमत नसतं," मृणाली म्हणाली आणि तिनं दिपमालाच्या उजव्या हाताचा पंजा तिच्याच ओढणीनं खुर्चीला बांधून टाकला. "आता टाक."

दिपमालाचा पहिला चेंडू थेट एका प्राध्यापकांच्या स्कूटरवर गेला. सपना तो आणायला धावली.