तुलारामच्या जबड्यात मी रुजलो होतो

मित्रांनो, पवनीच्या एका दातांच्या दवाखान्यात, टेबलाच्या खणातल्या छोट्या काचेच्या बाटलीत पडून राहिलेला मी एक जुना स्क्रू आहे. मला इम्प्लांट म्हणतात. दात पडला की त्या जागी हाडात मला बसवतात आणि माझ्या डोक्यावर नवा दात चढवतात. तांदळाचे दोन दाणे एकापुढे एक ठेवले, तर होईल तेवढी माझी लांबी. एवढ्याशा अंगावर मी एका माणसाचं हसू तोलून धरलं होतं. त्याच माणसाने माझा घात केला. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

माझा जन्म एका दूरच्या कारखान्यात झाला. टायटॅनियमच्या कांडीतून मला कोरून काढलं, अंगावर बारीक आटे पाडले. मग माझं अंग मुद्दाम खरखरीत केलं. गुळगुळीत गोष्टीला हाड धरत नाही, असं तिथले कारागीर म्हणायचे. शेवटी मला निर्जंतुक करून डबीत बंद केलं. मला फार अभिमान वाटायचा. नांगराचा फाळ मातीत जातो आणि पुन्हा बाहेर निघतो. मी मात्र एकदा आत गेलो की माणसाच्या शरीराचाच होणार होतो.

माझी डबी पवनीला डॉक्टर ज्योत्स्नामॅडमच्या दवाखान्यात आली. तिथेच मी पहिल्यांदा तुलारामचा आवाज ऐकला. तो आसगावचा. तलावात मासळी धरायची हे त्याचं पोटाचं काम. पण त्याचा जीव होता दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात. दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि दिवसाढवळ्या दंडार रंगते. त्यात तुलाराम राजाचं सोंग घ्यायचा. त्याचा आवाज असा, की गर्दीच्या शेवटच्या माणसालाही शब्दन्शब्द कळायचा.

एका पावसाळ्यात तलावाच्या पाळीवरून तो घसरला आणि वरचा समोरचा दात गेला. काढता-घालता येणारा दात त्याने बसवून घेतला, पण भर दंडारीत तो सुटून हातात आला. दु:खाच्या प्रसंगाला लोक खो खो हसले. त्यानंतर तुलाराम घरातसुद्धा तोंडावर गमछा धरून बोलायला लागला. त्याची बायको रेवताबाई हिच्या तर दाढाच गेल्या होत्या, भाकरीचा तुकडा तिला कालवणात भिजवून गिळावा लागे. तरी ती म्हणाली, आधी तुमचा दात होऊ द्या, माझं मागून पाहू.

मॅडमनी घाई केली नाही. हाड किती उरलं आहे ते एक्स-रे फोटो काढून पाहिलं. रक्तातली साखर तपासली. ती थोडी वाढलेली निघाली, तेव्हा आधी ती आटोक्यात आणायला लावली. मग खर्र्याबद्दल विचारलं. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला खर्रा आमच्या भागात पानठेल्या-पानठेल्यावर मिळतो.

"खात होतो मॅडम, आता सोडलो," तुलाराम म्हणाला. "राजाचं सोंग घेतो मी. तोंडात खर्रा धरून राजा कसा बोलन?"

मॅडमनी समजावलं, की हा दात म्हणजे जादू नाही. हाडाने स्क्रूला धरायला काही महिने लागतात. नंतरही रोज हिरडीच्या कडेने साफसफाई हवी, दर सहा महिन्यांनी दाखवायला यायला हवं. आणि खर्रा पुन्हा सुरू झाला, तर हाड स्क्रूला सोडून देईल. तुलारामने गळ्याला हात लावून शपथ घेतली. मी डबीतून ऐकत होतो. माझा त्याच्यावर विश्वास बसला.

मित्रांनो, मॅडमनी मला त्याच्या हाडात बसवलं, त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. हिरडीखाली अंधार होता, ऊब होती. हाडाच्या पेशी हळूहळू माझ्या अंगाशी आल्या, खरखरीत जागांना बिलगल्या, आट्यांमधून भरत गेल्या. धानाचं रोवणं झाल्यावर रोप जसं चिखलात मूळ धरतं, तसा मी रुजलो. तुलारामने खर्रा खरंच सोडला होता. रेवताबाई रोज त्याला मिठाच्या पाण्याने चूळ भरायला लावायची.

मग माझ्यावर दात चढला. त्या वर्षीच्या मंडईत तुलाराम राजा होऊन उभा राहिला. मी त्याच्या प्रत्येक शब्दाखाली घट्ट उभा होतो. लोकांनी बक्षिसं लावली. गावातले म्हातारे भैय्याजी गर्दीतून पुढे आले, त्याचं तोंड निरखून पाहिलं आणि म्हणाले, आपलेही दात याच मॅडमकडून करायचे. रेवताबाई बायकांमध्ये बसून पदराने डोळे पुसत होती. ती टाळी माझीही आहे, असं मला वाटलं.

पण माणूस गरज सरली की विसरतो.

दंडारीत ढोलकी वाजवणारा कवडू खर्र्याचा शौकीन. तालमीला बसले की प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला खर्रा तो सगळ्यांपुढे धरायचा. पहिल्या दिवशी तुलारामने मान हलवली. नंतर एकदा चिमूटभर घेतला. मग तालमीची गरजच राहिली नाही, सकाळी तलावावर जातानाच गालात खर्रा असायचा. घरी शिरण्याआधी तो चूळ भरायचा, तोंडात बडीशेप टाकायचा. दाराशी येईपर्यंत त्याचा चेहरा अगदी निष्पाप झालेला असे.

माझ्याभोवतीची हिरडी सुजली. तिच्या कडेला घाण साचली. ज्या हाडाने मला मिठी मारली होती, ते कणाकणाने मागे सरकायला लागलं. खरा दात किडला की ठणकतो, माणसाला झोपू देत नाही. माझ्यात नस नाही, मी ठणकत नाही. मला हाक मारता येत नव्हती. हिरडीतून येणारं रक्त हीच काय ती माझी हाक होती.

ती रेवताबाईला दिसली. चूळ लाल झाली होती.

"रक्त काहून येऊन राहिलं?" तिने विचारलं.

"ब्रश लागला," तो म्हणाला.

मॅडमच्या दवाखान्यातून फोन यायचे, तपासायला या म्हणून. तो म्हणायचा, तलावाच्या कामात गुंतलो आहे, दात एकदम मस्त आहे. तो हे बोलायचा तेव्हा मी त्याच्या तोंडात हलत असायचो.

दोन मंडया अशाच निघून गेल्या. तिसऱ्या मंडईत, राजा आपल्या लेकीला निरोप देतो त्या प्रसंगी, तुलारामने आवाज चढवला आणि मी सुटलो. दातासकट त्याच्या हातावर पडलो. गर्दीत आधी कुणीतरी एक हसलं, मग सगळेच हसले.

तुलारामने मला बोटात धरून उंच केलं. मला वाटलं, आता तरी तो खरं सांगेल.

"पाहा," तो मोठ्याने म्हणाला, "पवनीच्या मॅडमनं मले नकली माल बसवला."

मित्रांनो, हाड सुटलं तेव्हा जेवढं दुखलं नव्हतं, तेवढं या एका वाक्याने दुखलं. ज्याच्यासाठी मी अंधारात रुजलो, त्याने मला चारचौघांत नकली ठरवलं. बोलणं गावोगाव गेलं. भैय्याजींनी आपले दात करायचा बेत सोडला. पानठेल्यावर लोक मॅडमच्या नावाने हसायला लागले. मॅडमनी कुणालाही उत्तर दिलं नाही. पेशंटची गोष्ट चव्हाट्यावर मांडायची नाही, असं त्यांचं म्हणणं.

रेवताबाईने मला उचललं, पदराच्या गाठीत बांधलं आणि नवऱ्याला घेऊन दवाखान्यात आली. मॅडमनी पुन्हा फोटो काढला. माझ्या जागेभोवती हाडाला काळी खळगी पडली होती.

"स्क्रू खरा होता तुलारामभाऊ," मॅडम म्हणाल्या. "हाडाने त्याला धरलंही होतं. खर्रा कधीपासून सुरू झाला?"

"मी खात नाई," तुलाराम म्हणाला. त्याच्या बोटांवर खर्र्याचे डाग होते. रेवताबाईने ते पाहिले. शेजारचे दोन दातही सैल झाले आहेत, त्यांना तरी वाचवू, असं मॅडम सांगत असताना तो उठून बाहेर गेला. त्यानंतर तो आला नाही. दंडारीत राजाचं सोंग आता दुसरा कुणी घेतो, आणि तुलाराम अजूनही विचारणाऱ्याला दोष माझाच सांगतो.

माझ्यासारखा एकदा निघालेला स्क्रू पुन्हा कुणाला बसवत नाहीत. म्हणून मी या बाटलीत राहिलो. मॅडम कधीकधी नव्या पेशंटला मला दाखवतात.

एके दिवशी रेवताबाई एकटीच आली. खुर्चीवर बसली आणि मॅडमनी काही विचारायच्या आधीच बोलायला लागली.

"मॅडम, माझ्या दाढांचं पाहायचं आहे. पण आधी ऐकून घ्या. सकाळ-संध्याकाळ तंबाखूची नस, भाजल्या तंबाखूची भुकटी, हिरडीले घासल्याबिगर मले जमत नाई. बीपीची गोळीबी कधी कधी राहून जाते. घरी कोणालेच मायित नाई. आता सांगा, दाढा बसवता येते का नाई."

मॅडमनी सगळं तिच्या कागदावर उतरवून घेतलं. मग म्हणाल्या, "आज नाही रेवताबाई. आधी नस सुटू द्या, बीपी जागेवर येऊ द्या. मग बसवू."

"बरं," ती म्हणाली. "सुटली नाई, तं नाई सुटली म्हणूनच सांगीन."

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला असा दात बसवायचा असेल, तर त्यांना माझा एवढा निरोप द्या. डॉक्टरांपासून काही लपवू नका. साखर, गोळ्या, खर्रा, सगळं सांगा. हाड धरेपर्यंत दम धरा. बसलेल्या दाताला दुखत नाही म्हणून त्याला विसरू नका, आणि हिरडीतून रक्त आलं तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. आम्हाला बोलता येत नाही, आणि आमच्यावर आलेला आळही आम्हाला पुसता येत नाही.

त्या दिवशी रेवताबाई गेल्यावर मॅडमनी खण लावून घेतला. आत पुन्हा अंधार झाला. रेवताबाईसारखं तोंड मला मिळालं असतं, तर मी अजून रुजलेला असतो.