अस्सल म्हातारी

दर शुक्रवारी आम्ही जत कापतो. जत म्हणजे शेळ्यांचा हिरवा चारा. इथं आखातात सहमची जमीन खारट होत चाललीय, विहिरीचं पाणी जिभेवर धरवत नाही, पण जत येतो. मळा अर्बाबाचा, म्हणजे अरब मालकाचा, राखतो माझा लेक जैनुद्दीन. मी विळा घेऊन बसले होते, तेवढ्यात सोहारच्या मराठी मंडळाच्या देविकाबाई मोटारीतून उतरल्या. पोरांच्या नाटकाची तालीम त्यांना खजुरांखाली घ्यायची होती.

नाटकात एक खेड्यातली म्हातारी होती. तीच माझ्या नातीला, अफशीनला, व्हायचं होतं. कितीतरी दिवस पोर माझ्या मागं. "दादी, तू कशी बोलतंस ता शिकव." शिकवलं.

अफशीननं कमरेवर हात ठेवला न् सुरू केलं, "अगो, कुठं मेलीस? भात करपला ना सगला!"

देविकाबाईंनी हात वर केला. "थांब बेटा. हे काहीतरी हिंदी मिसळलंय. खेड्यात असं नाही बोलत. व्हय, न्हाई, असं हवं. अस्सल."

"ह्या आमच्या गावचा हाय," मी म्हटलं. "दाभोळच्या खाडीवरचा. माझ्या सासऱ्याची खोती होती बाय. तो आला का वाडी उठून उभी रायाची."

"हो का? पण तुमच्यात घरी उर्दूच ना, आजी? त्या मानानं फार छान बोलता हो मराठी!"

मी जत कापत राहिले.

अर्बाबाची बायको कावा, म्हणजे त्यांची कॉफी, न् खजूर घेऊन आली. देविकाबाईंकडे निरखून बघत म्हणाली, "इन्ती केरला?" म्हणजे, तू केरळची का?

देविकाबाई खळखळून हसल्या. "केरला, पुणे, सब सेम सेम!" मग आमच्याकडे वळून, "किती गोड आहेत ना या!"

मला वाटलं, हसण्यावारी न्यायचीच गोष्ट आहे. मी पण विचारलं, "काय बाय, तुमी केरळवाल्या? तरीच तुमचा बोलना जरा येगला वाटता."

हसू तिथंच आटलं. "काहीतरीच काय, आजी! आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पुण्याचे." पर्स उचलली. "म्हातारी कोण ते पुढच्या शुक्रवारी ठरवू. आमची अंतराही बरं करते."

अंतरा त्यांची लेक. मराठी वाक्य इंग्रजीत सुरू करते न् मधेच सोडते.

मोटार गेल्यावर जैनुद्दीन माझ्यावर खेकसला. "अम्मा, तोंड आवर ना गे! अर्बाबिणीनं इचारला ता येगला."

"का? तिनं इचारला ताच मी इचारला."

"तू ती नाय."



अफशीन रडली नाही. भात चिवडत म्हणाली, "दादी, मिस येतील तवा तू नको ना बोलूस." आठवडाभर ती मोबाइलवर गावाकडच्या मालिका लावून बसली. मी भाजी निवडत ऐकत होते.

पुढच्या शुक्रवारी समुद्रावरनं दमट वारा सुटला होता. अंगाला कपडे चिकटत होते. देविकाबाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "चहा मिळेल का, आजी?"

अफशीन पंपापाशी उभी होती. ओढणीचं टोक तोंडात.

मी पदर डोक्यावर नीट ओढला. "व्हय जी, बाईसाब. आत्ता टाकत्ये की च्या. बसा जी."

देविकाबाईंनी टाळी वाजवली. "अगं बाई! बघा, आता कसं अस्सल वाटतंय! अफशीन, अगदी आजीसारखं बोल. म्हातारी तूच!"

अफशीननं उडी मारली. जैनुद्दीन शेळ्यांकडे निघून गेला. मी चूल पेटवली. राग यायला हवा होता. येईल म्हणून जरा वाट पाहिली. चहा उतू गेला, तो पुसून घेतला.

संध्याकाळी पोर गळ्यात पडली. "दादी, आनखी शिकव ना तुझ्या गावचा. मिसना आवडला ना, तसा."

"व्हय," मी म्हटलं.