तळीला पाच हात

काचीगुड्यातल्या द्वारकाबाईंच्या घरी चंपाषष्ठीला खंडोबाची तळी उचलायला पाच पुरुष लागत. यजमान गेल्यापासून पुतणे येत. यंदा भरीत-रोडगे झाले, ताम्हणात भंडारा, खोबरं, सुपारी मांडून झाली, आणि एकेकाचा फोन आला. कुणाला ऑफिस, कुणाला ट्रॅफिक. खरं कारण कंटाळा, ते मात्र कुणी बोललं नाही.

बाई देवावरच उखडल्या. "तुझीच लेकरं ना ही? मग आता तूच बघ. मी काही तळी आवरून ठेवायची नाही." आणि ताम्हणापाशी मांडी ठोकून बसल्या.

भरिताच्या वासानं की काय, वरच्या मजल्यावरचे तेलुगू शेजारी यादगिरी दारातून डोकावले. पिवळाधमक भंडारा आणि घोड्यावरचा देव पाहून त्यांनी पटकन चपला काढल्या.

"अम्मा, ये तो हमारे मल्लन्ना! बोले नहीं कभी?"

"तुमचेपण?" इतक्या वर्षांच्या शेजारात बाईंना हे ठाऊकच नव्हतं.

यादगिरींनी जिन्यातून हाक मारली. त्यांचे दोघे भाऊ आणि मेव्हणा ओले केस पुसतच खाली आले. चौघं ताम्हणाभोवती बसले. पाचवा कुणी नव्हता.

या घरात बाईमाणसानं तळीला कधी हात लावला नव्हता. द्वारकाबाईंनी एकदा देवाकडे बघितलं. मग पदर खोचून पुढे सरकल्या.

"इतकी वर्षं मला नुसती वांगी भाजायला ठेवली होतीस होय रे?"

"येळकोट येळकोट, जय मल्हार!" ताम्हण वर गेलं, तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज बाईंचा होता.