अस्वलाला ऐकू जावं म्हणून

मी घंटी बोलतेय. देवघरातली नव्हे हं, अस्वलांसाठीची! जपानमधल्या सेंदाईच्या डोंगरांत जाणारे लोक मला पाठीवरच्या पिशवीला बांधतात. माणूस येतोय हे आधी कळलं, की अस्वल आपणहून वाट सोडतं. ट्रेनमध्ये मात्र माझी किणकिण कुणाला खपत नाही, म्हणून माझा लोलक अडकवायला एक खिट्टी आहे.

मला विनयने बायकोसाठी आणलं. नीलिमाताई इथल्या विद्यापीठात इंग्रजीच्या प्राध्यापक. माणसं प्रवास कसा करतात, त्याबद्दल काय लिहितात आणि त्यात डोंगर-जंगलांचं काय होतं, हा त्यांचा अभ्यास. तेव्हा त्यांचं पुस्तक चाललं होतं. प्रवाशांनी जंगलात अजिबात आवाज करू नये, असं त्यात एक अख्खं प्रकरण. मग मी त्यांच्या डोळ्यांत सलणार नाही तर काय!

"अगं, रोज न्यूजमध्ये अस्वलं दाखवतायत. राहू दे बॅगला," विनय म्हणाला.

"राहू दे. पण मी वाजवणार नाही. मीच लिहायचं आणि मीच गोंगाट करायचा?"

झालं! ट्रेनमधून उतरल्यावरही खिट्टी तशीच. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण माझा शब्दच बंद करून ठेवलेला.

गेल्या शरदात ताई लेकीला, चैत्रालीला, घेऊन डोंगरात निघाल्या. एका वळणावर दूर झाडाखाली अस्वलाचं पिल्लू दिसलं. शेजारी त्याची आई खाली तोंड घालून खात होती. आमची तिला चाहूलच नव्हती. ताईंनी चैत्रालीला पाठीशी घेतलं. मी नुसती लटकत होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"आई, सुझु!" चैत्राली कुजबुजली. घंटीला ती जपानीच शब्द वापरते. तिनेच हळूच खिट्टी काढली आणि मी जीव ओतून वाजले. अस्वलाने मान वर केली, पिल्लाला ढुशी दिली आणि दोघं झाडीत उतरून गेली.

"दुसऱ्याच्या घरात न सांगता शिरले होते रे मी," घरी आल्यावर ताई विनयला म्हणाल्या. गोंगाट वेगळा आणि चाहूल देणं वेगळं, असं म्हणत त्यांनी ते प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं.

आता माझं पितळ काळवंडलंय, पण मी दर रविवारी वाजते. तुम्हीही डोंगरात गेलात तर खिट्टी तेवढी काढा. आम्हा घंट्यांचं एक दुःख असतं. अस्वल आलं नाही ते आपल्यामुळे, की ते तिथे नव्हतंच, हे जन्मभर कळत नाही. मला कळलं. चैत्रालीचे हे उपकार मी विसरायची नाही. त्या दिवशी दोन आया आपापली लेकरं घेऊन धडपणी घरी गेल्या.